‘लावणी’ या शब्दाची कुळकथा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे गाव आहे. ज्याच्या नावातच बाजार आहे, अशा या गावी आसपासच्या शिवारांतील शेतमाल विक्रीस येतो. हिंगोली जिल्हा हळदीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. शेतकरी हळदीचे बेणे मातीत पुरतो, त्या कामाला ‘हळद लावणे’ म्हणतात. पुढे तीच हळद लग्नघरी नवरीच्या अंगाला चढते. त्यालाही ‘हळद लावणे’ असेच म्हणतात. तिन्हीसांजेला दिवा लावतात, गवई सूर लावतो, शाहीर गीताला चाल लावतो आणि विद्यार्थी कठीण ओळीचा अर्थ लावतो. एकाच क्रियापदाचा हा केवढा मोठा संसार!

या क्रियापदाच्या शेजारी मराठीत ‘लावणी’ हे नाम उभे आहे. कोकणात आषाढसरींत भाताची रोपे उपटून चिखलात पुन्हा रोवतात, ती लावणी. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीवर रंगणारे गीत, तेही लावणी. हे दोन शब्द मुळात एकच आहेत की केवळ दिसायला सारखे आहेत? गीताला हे नाव कशावरून मिळाले? या प्रश्नावर विद्वानांत एकमत नाही.

पहिले मत सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘लावण्य’ या शब्दावरून ‘लावणी’ झाली, असे ते मत. लवण म्हणजे मीठ. मिठाने अन्नाला रुची येते, तशी ज्या गुणाने रूपाला गोडी येते तो गुण म्हणजे लावण्य. पुष्कळ लावण्यांत स्त्रीच्या रूपाचे वर्णन असते. म्हणून ही उपपत्ती मनाला चटकन पटते. परंतु शब्दाचे मूळ गोडीवरून ठरत नाही, ते पुराव्यावरून ठरते. संस्कृत शब्द लोकांच्या तोंडी रुळत मराठीत आले, तेव्हा त्यांच्या ध्वनींत काही नियमांनी पालट झाला. ‘कर्ण’चा कान झाला, ‘पर्ण’चे पान झाले, ‘अरण्य’चे रान झाले. मूळ जोडाक्षरातील ‘ण’ येथे ‘न’ होऊन बसला आहे. त्याच वाटेने ‘लावण्य’ आला असता, तर त्याच्या वंशजात ‘न’ दिसावयास हवा होता. ‘लावणी’त तर ‘ण’ ठळकपणे उभा आहे.

दुसरे मत ‘लापनिका’ या शब्दाकडे बोट दाखविते. ‘लप्’ या संस्कृत धातूचा अर्थ बोलणे. आलाप, विलाप, संलाप हे सारे याच धातूचे कुटुंब. ‘दीप’चा दिवा आणि ‘कपाट’चे कवाड झाले, तसा येथे ‘प’चा ‘व’ झाला. ‘घटिके’ची घडी झाली, तशी शेवटी ‘ई’ राहिली. ध्वनिनियम या मताच्या आड येत नाहीत. मात्र आरंभ आणि शेवट जुळले, एवढ्याने वंशावळ पुरी होत नाही. मधल्या पिढ्यांची नावेही मिळावी लागतात.

तिसरे मत ‘लावणे’ या घरच्याच क्रियापदापाशी थांबते. ‘पेरणे’वरून पेरणी, ‘कापणे’वरून कापणी, तशी ‘लावणे’वरून लावणी. येथे व्याकरण निःशंक आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत पडीक जमीन लागवडीस आणणे या अर्थी ‘लावणी’ हा शब्द येतो. पण शेतातून तो गीताकडे कसा गेला? कोणी म्हणतात, रोपे लावताना गायिली जाणारी गाणी ती लावणी. कोणी म्हणतात, शब्दांपुढे शब्द लावून जी रचावयाची, ती लावणी. दोन्ही तर्क संभवनीय आहेत; परंतु ते तर्कच आहेत. राजस्थानात तर ‘लावणी’ म्हणजे पिकाची कापणी! तेथे या शब्दाचा संबंध ‘लू’ म्हणजे कापणे या धातूशी जोडतात. कोकणात ज्या नावाने रोप मातीत उभे राहते, राजस्थानात त्याच नावाने पीक विळ्याखाली आडवे होते. सारख्या उच्चारावर विसंबणाऱ्याने सावध राहावे, हेच यावरून दिसते.

असे वाद इतर भाषांतही आहेत. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी वाढविलेल्या संगीताला ‘जॅझ’ हे नाव पडले. या नावाचे मूळ कोणी आफ्रिकेच्या भाषांत शोधले, कोणी फ्रेंच भाषेत, तर कोणी एखाद्या वादकाच्या नावात. पुढे अभ्यासकांनी जुनी वृत्तपत्रे चाळली. तेव्हा १९१२ साली लॉस एंजेलिसच्या एका पत्रात हा शब्द संगीतासंबंधी नव्हे, तर बेसबॉलच्या चेंडूफेकीसंबंधी छापलेला आढळला. १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्रात तो जोम या अर्थी आला आणि १९१५ च्या सुमारास शिकागोत तो संगीताला चिकटला. एका जुन्या छापील ओळीने अनेक सुरस कथा मागे सारल्या. श्रेष्ठ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांना मात्र हे नाव आपल्या संगीतासाठी अपुरे वाटे.

लावणीच्या बाबतीतही नावाचा अर्थ हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही. लावणी म्हणजे लावण्याचे गाणे, असे एकदा ठरले की तिच्यातील बाकीचे सारे दृष्टीआड होते. वस्तुतः शृंगाराप्रमाणेच पुराणकथा, इतिहास, उपदेश आणि अध्यात्म हे लावणीचे विषय आहेत. बालेघाटी लावणीत विरहाचे दुःख असते. भेदिक लावणीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर बसतात. एकाने कूट प्रश्न टाकावा, दुसऱ्याने तो सोडवावा. सोलापूरचे रामजोशी, संगमनेरचे अनंत फंदी, पुण्याचे होनाजी बाळा, जेजुरीचे सगनभाऊ अशा शाहिरांनी उत्तर पेशवाईत लावणी वैभवास नेली. सगनभाऊंचा धंदा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा होता, असे सांगतात.

तंजावरची साक्ष तर विशेष बोलकी आहे. तेथे मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ होते. त्यांच्याबरोबर ‘लावणी’ हा शब्द तमिळ मुलखात गेला. तेथे कामदहनाच्या उत्सवात दोन पक्ष लावणी गातात. मदन जळाला, असे एक पक्ष म्हणतो. जळाला नाही, असे दुसरा. म्हणजे तमिळ माणसाने आपल्याकडून लावणी उचलली, ती रूपवर्णन म्हणून नव्हे, तर गीतातील वादविवाद म्हणून!

तेव्हा ‘लावणी’चे मूळ आज एका शब्दात सांगता येत नाही. ‘लावण्य’ हे सर्वांत लोकप्रिय मूळ पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळे आहे, एवढे मात्र दिसते. त्या लोकप्रिय अर्थाचा भार पुष्कळदा लावणी गाणाऱ्या स्त्रियांनी सोसला. त्यांच्या रूपाकडे पाहिले गेले, पण त्यांच्या गळ्याच्या तपश्चर्येकडे पाहिले गेले नाही. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली आणि सुलोचना चव्हाण यांना २०२२ साली ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा दोघींचे वय ऐंशीच्या पलीकडे गेले होते. शब्दाचा अर्थ घाईने लावला, तर अन्याय शब्दावर होतोच. तो माणसांवरही होतो.

स्वाध्याय

१. ‘लावण्य’वरून ‘लावणी’ झाली, या मतावर कोणते दोन आक्षेप येतात?
२. तंजावरच्या उदाहरणावरून लावणीविषयी काय कळते?
३. ‘लावणे’ या क्रियापदाचे पाठात न आलेले पाच उपयोग वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.