शेतकरी कुटुंबासाठी संगणक : लॅपटॉप की डेस्कटॉप?

पीकनोंदी, निविष्ठांचा जमाखर्च, शासकीय योजनांचे ऑनलाइन अर्ज आणि मुलांचा अभ्यास ही कामे आता शेतकऱ्याच्या घरातच होऊ लागली आहेत. बाजारभाव मोबाईलवर पाहता येतो. मात्र तीन हंगामांचा ताळेबंद मांडण्यासाठी मोठा पडदा व कळफलक सोयीचा ठरतो. संगणकावरील खर्च बहुधा पिकाच्या उत्पन्नातूनच होतो. त्यामुळे लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हे घरातील गरज पाहून ठरवावे.

वीजपुरवठा : वीज जाताच डेस्कटॉप बंद पडतो आणि जतन न केलेली नोंद नष्ट होते. त्यामुळे त्यास यूपीएस जोडणे आवश्यक आहे. लहान घरगुती यूपीएस काही मिनिटेच साथ देतो. तेवढ्या वेळात काम जतन करून संगणक बंद करावा. लॅपटॉप मात्र बॅटरीवर काही तास चालतो. पडद्यासह १२० वॅट वीज घेणारा डेस्कटॉप रोज ४ तास वापरल्यास महिन्याला सुमारे १४ युनिट, तर ४० वॅटचा लॅपटॉप सुमारे ५ युनिट वीज घेतो. सौर पॅनेलवर चालणाऱ्या घरात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

देखभाल व दुरुस्ती : डेस्कटॉपचा कळफलक, पडदा वा पॉवर सप्लाय बिघडल्यास तेवढाच भाग बदलता येतो. धूळ साचल्यास पेटी उघडून सफाई करणेही सोपे असते. लॅपटॉपची दुरुस्ती तुलनेने खर्चिक असते आणि बॅटरीची क्षमता काही वर्षांत घटते. दोन्हींसाठी घरातील अर्थिंग योग्य असल्याची खात्री करावी.

कोणासाठी काय? शिवारात जाऊन माहिती भरणाऱ्या किंवा गावोगावी सादरीकरण करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यास लॅपटॉप सोयीचा. घरातील अनेकांनी एकाच जागी वापरायचा असल्यास किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात दिवसभर नोंदी करावयाच्या असल्यास डेस्कटॉप अधिक किफायतशीर व टिकाऊ ठरतो. वीज वारंवार जात असेल, तर यूपीएसची किंमत धरूनच तुलना करावी.

खरेदीपूर्वी हे पाहावे :

• किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी साठवण असावी.

• विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुना संगणक घेताना तो विंडोज ११ साठी पात्र आहे का, हे तपासावे.

• पक्के बिल व हमीपत्र घ्यावे. जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, याची चौकशी करावी.

• बाह्य हार्ड डिस्कसाठी रक्कम राखून ठेवावी.

शेवटची बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. संगणक बिघडला तर दुसरा घेता येतो; परंतु माती परीक्षण, पेरणी व उत्पादन यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी गेल्यास त्या पुन्हा मिळवणे कठीण असते. म्हणून कोणताही संगणक घेतला, तरी आठवड्यातून एकदा नोंदींची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती वेगळ्या जागी ठेवावी.