उसना विस्तव

माझी दादी जुन्या मंगरूळपीरच्या गोष्टी सांगत असे. त्या काळी काड्यापेटी जपून वापरीत. सकाळी चूल विझलेली दिसली, की शेजारणीकडे जायचे, गोवरीच्या तुकड्यावर निखारा घ्यायचा आणि आपली चूल पेटवायची. याला विस्तव आणणे म्हणत. आज डॉक्टर हीच युक्ती आजारी शरीरात करून पाहत आहेत.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही मायटोकाँड्रिया हे नाव शिकला आहात. मराठीत त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्या आपल्या पेशींमधल्या चुलीच होत. अन्नातील साखर आणि श्वासातील ऑक्सिजन वापरून त्या ऊर्जा तयार करतात. हृदयाला क्षणाचीही सुट्टी नसते. म्हणून त्याच्या एकेका स्नायूपेशीत त्या हजारोंनी असतात.

हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ थांबला, तर या चुली बिघडतात. रक्त पुन्हा वाहू लागते, पण हृदय जेमतेम हलते. रुग्णाला यंत्रावर ठेवावे लागते. अमेरिकेतील बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जेम्स मॅककली या शास्त्रज्ञांनी आधी प्राण्यांवर प्रयोग केले. मग तेथील डॉक्टरांनी आजारी मुलाच्याच पोटाच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेतला, तो कुटून, गाळून निरोगी तंतुकणिका वेगळ्या केल्या आणि लगेच सुईने हृदयात सोडल्या. विस्तव घरचाच, फक्त दुसऱ्या खोलीतला! त्यामुळे शरीर त्याला परका मानत नाही. २०१७ साली पहिल्या ५ मुलांचा अहवाल आला. पाचही हृदये सुधारली, चौघांचे यंत्र काढता आले. पण पाच ही संख्या फार लहान आहे. गुण तंतुकणिकांनीच आला, की हृदय आपोआप सावरले, हे ठरवायला पुष्कळ रुग्ण तपासावे लागतील.

पेशी हा विस्तव आपण होऊनही देतात. दिल्लीच्या एका राष्ट्रीय संस्थेत अनुराग अग्रवाल, तन्वीर अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली उंदरांवर दाखवले, की मूलपेशी फुप्फुसातील इजा झालेल्या पेशींना बारीक नळीवाटे तंतुकणिका पुरवतात.

पण सगळ्याच चुली जन्मतः सदोष असतील, तर घरचा विस्तव काय कामाचा? तंतुकणिका मुलाला आईकडूनच मिळतात. असे मूल अशक्त निघाले, की लोक आईला बोल लावतात. हे साफ चूक आहे. तिला त्या तिच्या आईकडून आलेल्या असतात, आणि पुष्कळदा तिला स्वतःला काही त्रासही नसतो.

ब्रिटनने २०१५ साली यावरील एका उपायाला कायद्याने परवानगी दिली. न्यूकॅसलचे डॉक्टर फलित बीजांडातील आईवडिलांचा केंद्रकाचा भाग काढतात आणि दुसऱ्या निरोगी स्त्रीच्या, केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात ठेवतात. इथे विस्तव येत नाही, घरवालेच शेजारणीच्या घरी राहायला जातात म्हणा ना!

वर्गात हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग त्या बाळाला दोन अम्मी का?" तंतुकणिकेत फक्त ३७ जनुके असतात. नाक, डोळे, रंग ठरवणारी हजारो जनुके केंद्रकात असतात, आणि ती आईवडिलांचीच राहतात.

जुलै २०२५ मध्ये अशा ८ बाळांच्या जन्माची माहिती प्रसिद्ध झाली. काहींच्या शरीरात आईच्या सदोष तंतुकणिका थोड्या प्रमाणात उतरल्या आहेत; म्हणून डॉक्टर या मुलांची पुढेही तपासणी करीत राहणार आहेत.