केळ्यावरचं चिलट आणि लेकराचा मेंदू



आज बचत-कर्जाचा विषय बाजूला ठेवू आणि चिलटांबद्दल बोलू. पिकलेली केळी उघडी राहिली की त्यांवर घोंगावतात ना, तीच ही लाल डोळ्यांची बारीक चिलटं. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात.

तुम्ही म्हणाल, त्यांचं आपल्याला काय? सांगते. मूल उशिरा बोललं, नजरेला नजर देईना, शिकण्यात मागे पडलं, की बोट कोणाकडे जातं? आईकडेच. "हिनं ग्रहण पाळलं नाही," "हिच्या माहेरचंच काहीतरी." अशा मुलांच्या अडचणींची कारणं अनेक असतात. त्यातलं एक असतं जनुकातला बदल.

जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची आईवडिलांकडून आलेली सूचना. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका चुकला की पुढची रेघ बिघडते, तसंच इथेही होतं.

हे तपासायला चिलट का? अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला साधारण १० दिवस लागतात आणि बाटलीभर जागेत शेकडो चिलटं राहतात. शिवाय माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांशी मिळतीजुळती जनुकं चिलटातही आहेत. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये थॉमस मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचं एक चिलट सापडलं आणि तिथून हा अभ्यास बहरला. आपल्या मुंबईतही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दीकी यांनी चिलटांच्या मज्जातंतूंवर मोठं काम केलं.

एक उदाहरण घेऊ, फ्रॅजाइल एक्स या विकाराचं. याचं जनुक १९९१ साली सापडलं. हे जनुक मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर प्रथिनं किती बनावीत याला लगाम घालतं. ते बंद पडलं की लगाम सुटतो आणि शिकणं, बोलणं, वागणं यांवर परिणाम होतो. शास्त्रज्ञांनी चिलटातलं तसंच जनुक बंद केलं, तर चिलटांचीही आठवण कच्ची झाली. मादीनं झिडकारलेला नर एरवी थोडा वेळ गप्प बसतो. हे नर मात्र झिडकारलेलं विसरून पुन्हा मागे लागत. २००५ साली अमेरिकेत अशा चिलटांना खाण्यातून काही औषधं दिली, तेव्हा त्यांची आठवण सुधारली. पुढे त्या प्रकारची औषधं माणसांना देऊन पाहिली, पण हवा तसा गुण आला नाही. म्हणून कोणी "हमखास इलाज" विकत असेल तर सावध राहा. शोध अजून चालू आहे.

आता आईवरच्या दोषाचं. मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, हे खरं. पण तिला ते तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. ते तिनं निवडलेलं नसतं, आणि त्याचा ग्रहणाशी संबंध नाही. डोळ्यांचा रंग येतो, तसंच हे येतं.

तेव्हा गटातल्या कोणा बहिणीचं मूल मागे पडत असेल, तर तिला बोल लावू नका, सोबत करा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल दाखवा. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. फ्रॅजाइल एक्स आहे का, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं. विकार पूर्ण बरा होत नसला, तरी लवकर सुरू केलेल्या वाचा-उपचारानं आणि सरावानं मूल पुष्कळ शिकतं.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.