घर घेणे आणि घर राखणे

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली, तेव्हा गृहकर्ज ही गोष्ट सामान्य कुटुंबाच्या विचारातही नव्हती. आज बेताचे उत्पन्न असलेल्या भाडेकरूलाही स्वतःचे घर घेता येते. मात्र म्हणीतील कसोटी संपलेली नाही. तिचे स्वरूप बदलले आहे. घराची किल्ली एका दिवसात हाती येते, पण त्यापुढे दोनशे चाळीस हप्ते वेळेवर भरावे लागतात. म्हणून घर घेण्याची तयारी आणि घर राखण्याची तयारी या दोन्हींचा विचार एकाच वेळी व्हावयास हवा.

भाडे आणि हप्ता

‘भाड्याइतकाच हप्ता भरू आणि घर आपले करू’ असे अनेकदा म्हटले जाते. हे गणित अपुरे आहे. समजा, दरमहा ३०,००० रुपये मिळवणारे एक कुटुंब ६,००० रुपये भाडे देते. त्याने १५ लाख रुपयांची सदनिका पसंत केली आणि १२ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १०,८०० रुपये येतो. शिवाय भाडेकरूच्या खिशातून सहसा थेट न जाणारे खर्च मालकाला करावे लागतात : मालमत्ता कर, सोसायटीची देखभाल वर्गणी, गळती व रंगरंगोटी. यांसाठी महिना १,२०० रुपये धरले, तर घराचा खरा मासिक खर्च १२,००० रुपये, म्हणजे भाड्याच्या दुप्पट होतो.

हा भार पेलेल की नाही, हे कर्ज घेण्यापूर्वीच पाहता येते. त्या कुटुंबाने वर्षभर भाडे देऊन उरलेले ६,००० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत भरावेत. वर्ष सुरळीत पार पडले, तर हप्त्याची सवय लागते, ७२,००० रुपये व त्यावरील व्याज गाठीशी येते आणि नियमितपणाचा पुरावा पासबुकात राहतो. वेतनचिठ्ठी नसलेल्या कारागिराला किंवा फेरीवाल्याला हा पुरावा विशेष उपयोगी पडतो. सहाव्या महिन्यातच ओढाताण होऊ लागली, तर लहान घर पाहावे किंवा आणखी काही काळ थांबावे. तेव्हाची माघार स्वस्तातली असते.

हाती किती रक्कम हवी

३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. मात्र मिळते तेवढे घेणे हिताचे नसते. वरील घरासाठी १२ लाखांऐवजी साडेतेरा लाख घेतले, तर हप्ता सुमारे १,३५० रुपयांनी वाढतो.

मुद्रांक व नोंदणी शुल्काचा विसर तर अनेकांना पडतो. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत मुद्रांक शुल्क ६ ते ७ टक्के असून नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये, आहे. निवासी घराची खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील वाचकांनी आपापल्या राज्याचे दर पाहावेत. १५ लाखांच्या घरासाठी स्वतःचे ३ लाख आणि शुल्कापोटी सव्वा लाखापर्यंत रक्कम आधीच जमलेली असावी. ती उसनवारीने किंवा वैयक्तिक कर्ज काढून उभी केल्यास पहिल्या महिन्यापासून दोन हप्ते सुरू होतात, आणि पुढील ओढाताणीचे मूळ बहुधा तेथेच असते.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घेताना त्याची ‘रेरा’ नोंदणी तपासावी. २०१६ च्या या कायद्यानुसार विक्रीचा करार नोंदविल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

शासनाचे साहाय्य

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही योजना १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तिच्या व्याज अनुदान घटकात वार्षिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत असलेली आणि देशात कोठेही पक्के घर नसलेली कुटुंबे बसतात. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के अनुदान असून त्याची कमाल रक्कम १.८० लाख रुपये आहे. ती पाच वार्षिक हप्त्यांत मिळते, एकरकमी नव्हे. म्हणून सुरुवातीच्या खर्चासाठी तिच्यावर विसंबू नये.

व्याजाचे गणित

वरील कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील ९,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून जेमतेम १,८०० रुपये कमी होतात. वीस वर्षांत एकूण व्याज सुमारे १३ लाख ९१ हजार होते. मुदत १५ वर्षे ठेवली, तर हप्ता सुमारे १,३७५ रुपयांनी वाढतो. पण व्याजातील बचत चार लाखांची असते. हा वाढीव हप्ता झेपत नसेल, तर बोनस अथवा सणाची बक्षिसी मुद्दलात भरावी. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी दंड आकारता येत नाही.

बदलता दर वाढतोही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. आपल्या उदाहरणात दर आरंभीच ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांची मुदत २६ वर्षांपलीकडे जाते. त्याऐवजी हप्ता सुमारे ७८० रुपयांनी वाढविला, तर मुदत तेवढीच राहते. दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिले. म्हणून दरबदलाचे पत्र न वाचता बाजूला ठेवू नये.

अडचण आल्यास

आजारपण, कामबंदी किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू या कारणांनी चांगले खातेही थकते. त्यासाठी किमान तीन हप्त्यांइतकी रक्कम निराळी ठेवावी आणि कर्जाइतक्या रकमेचा मुदत विमा घ्यावा. घराच्या हप्त्याची घडी बसण्यापूर्वी दुचाकी किंवा दूरचित्रवाणी संचासाठी नवे कर्ज काढू नये.

इतके करूनही हप्ता चुकण्याची वेळ आली, तर तो चुकण्यापूर्वीच शाखेत यावे. थकबाकी ९० दिवसांहून अधिक राहिल्यास कर्ज अनुत्पादित ठरते. त्यानंतर २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यानुसार बँक ६० दिवसांची सूचना देऊन घराचा ताबा घेण्याची कार्यवाही सुरू करू शकते. हप्ता थकला म्हणून शाखेकडे पाठ फिरविणारा ग्राहक याच मोलाच्या दिवसांना मुकतो. वेळीच आल्यास मुदतवाढ किंवा हप्त्याची फेररचना अशा मार्गांचा विचार होऊ शकतो. सूचना हाती आल्यावरही लेखी हरकत घेण्याचा कर्जदाराला अधिकार आहे आणि तिला उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे.

शेवटचा हप्ता भरल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेकडून विलंब झाल्यास ग्राहकाला प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ती कागदपत्रे घरच्या कपाटात आली, की घर खऱ्या अर्थाने आपले झाले.