प्रमाणपत्र मिळाले, पुढे?

बँकेच्या नोकरीत मी किती कर्जे मंजूर केली ते आता सांगता येणार नाही. पण नाकारलेले एक कर्ज अजून आठवते. साल १९८९. मराठवाड्यातल्या एका बाजाराच्या गावी आमची शाखा होती आणि मी तिथे फील्ड ऑफिसर. पंचायत समितीची शिफारस घेऊन एक अर्ज आला. अर्जदार वीस-एकवीस वर्षांचा, बाप ऊसतोडीला जाणारा. पोराने ‘ट्रायसेम’मधून वेल्डिंग शिकून घेतले होते. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले. ते माझ्या टेबलावर ठेवण्याआधी त्याने टेबल बाहीने पुसले.

‘ट्रायसेम’ ही ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची योजना. १९७९ साली सुरू झाली, १९९९ साली दुसऱ्या योजनेत विलीन झाली. गरीब घरातल्या १८ ते ३५ वयाच्या मुलामुलींना विद्यावेतन देऊन एखादा धंदा शिकवायचा, मग बँकेने कर्ज द्यायचे आणि त्यावर सरकारने अनुदान. कागदावर साखळी चोख होती. प्रत्यक्षात शिकवणाऱ्याचे काम प्रमाणपत्रापाशी संपे, पंचायत समितीचे शिफारशीपाशी. आणि तिथून पुढे आमची थकबाकीची भीती सुरू होई.

‘साहेब, गावातच दुकान टाकतो,’ तो म्हणाला.

‘गावात वेल्डिंगची कामं किती निघतील रे?’

त्याला सांगता येईना. लोखंड कसे जोडायचे ते त्याला कोणीतरी शिकवले होते; ते कोणासाठी आणि किती रुपयांना जोडायचे, हे कोणी शिकवले नव्हते. मी अर्ज परत पाठवला. पुढे कळले की तो भोसरीला एका कारखान्यात लागला. वेल्डर म्हणून नव्हे, हेल्पर म्हणून.

बँकेच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, अशी समजूत मी बरीच वर्षे घालून घेतली. (होताही, हे आजही म्हणेन.) त्या समजुतीला तडा गेला तो पाबळला गेल्यावर.

पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले पाण्याची ओढ असलेले गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली इथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. २००३ साली ते गेले. आश्रमाचे काम चालूच राहिले. शाळेत न रमलेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना वर्षभर निवासी ठेवून शिकवायचे, आणि एकच धंदा शिकवायचा नाही. वेल्डिंग आहे, तसेच वायरिंग, बांधकाम, सुतारकाम, शेती, जनावरांची निगा, खाद्यपदार्थ तयार करणेही आहे. कारण साधे आहे. खेड्यात नुसत्या वेल्डरचे पोट भरत नाही. गेट जोडता येते, मोटार दुरुस्त करता येते आणि घरात वायर ओढता येते, अशा माणसाचे भरते. मी त्या पोराला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या शाखेपासून काहीशे किलोमीटरवर, मी विचारण्याच्या सहा वर्षे आधीच, कोणीतरी शोधून ठेवले होते.

दुसरी गोष्ट माझ्यातल्या बँकवाल्याला जास्त भावली. तिथे गावातल्या लोकांची खरी कामे घेऊन शिकवण्याची रीत आहे. नमुन्याचा तुकडा जोडून कोपऱ्यात फेकायचा नाही. गिऱ्हाईक समोर असते, माप चुकले तर लोखंड वाया जाते. कामाचा खर्चही मुलांनीच मांडायचा. लोखंड किती, रॉड किती, मजुरी किती. आम्ही ज्याला प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतो आणि जो बहुतेक अर्जदार पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून आणत, तो हाच.

बँकांनाही हे उमजले नव्हते असे नाही. दक्षिण कन्नडमधल्या उजिरे इथे धर्मस्थळच्या ट्रस्टने १९८२ साली सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला बरोबर घेऊन ‘रुडसेटी’ ही संस्था काढली. थोड्या आठवड्यांचे विनामूल्य निवासी प्रशिक्षण, आणि त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा. त्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या ‘आरसेटी’ उभ्या राहिल्या. माझ्या मते यातला जीव त्या आठवड्यांत नाही, त्या दोन वर्षांत आहे. नवा धंदा पहिल्या पावसाळ्यात बसतो, गिऱ्हाईक उधारी बुडवते, घरात आजारपण निघते आणि भांडवल औषधात जाते. त्या वेळी दारात येऊन ‘काय अडलंय?’ असे विचारणारे कोणी लागते.

पण या विचारण्याला पैसे द्यायला सहसा कोणी तयार नसते. देणगीदार विचारतो, यंदा किती मुले शिकून बाहेर पडली? सरकारही तेच विचारते. बॅचचा फोटो छापता येतो. तिसऱ्या महिन्यात बंद पडलेल्या दुकानापुढे मोटारसायकल उभी करून बसलेल्या कार्यकर्त्याचा कोण छापणार? संस्थांनाही मग आकड्यांच्या मागे पळावे लागते. मी त्यांना दोष देत नाही. मार्चअखेरीस उद्दिष्ट पुरे करण्यासाठी मीही काय काय कागद रंगवलेत ते मला ठाऊक आहे.

त्या पोराच्या अर्जावर मी शेरा लिहिला होता : ‘गावात पुरेसे काम उपलब्ध दिसत नाही.’ ते पाहायला मी त्याच्या गावी गेलो नव्हतो. खरे तर जायचीही गरज नव्हती. त्या गावातले विहिरींवरचे पंप, बैलगाड्या, एका पाटलाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली, सगळे आमच्याच शाखेच्या लेजरमध्ये होते. त्यातली निम्मी कर्जे माझ्याच सहीने दिलेली.