पट्टीतली उचल

माहिती प्रणालीचा प्रोजेक्ट म्हणजे एखाद्या व्यवहारातली माहिती कुठून येते, कोणाच्या हातून जाते आणि कुठे साठते हे शोधून त्याचे सॉफ्टवेअर उभे करणे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात (स्थापना १९९४) तसेच नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदवीच्या अखेरीस हे काम गटाने करायचे असते. गट बहुधा चौघांचा. सिनॉप्सिस मंजूर होते, गाइड ठरतात, आकृत्या काढल्या जातात, कोड लिहिला जातो.

विषय वर्षानुवर्षे तेच: ग्रंथालय, दवाखाना, वसतिगृह, हजेरी. त्यांचा तयार कोड नेटवर मिळतो, हे त्यांच्या लोकप्रियतेचे निम्मे कारण. लातूरच्या आडत बाजाराचा विषय घेतला, तर मात्र उतरवून काढायला फारसे काही सापडत नाही.

आडत दुकानातला मुख्य कागद म्हणजे पट्टी. समजा, शेतकऱ्याने ९ क्विंटल ४० किलो सोयाबीन आणले आणि सौदा क्विंटलला ४,५०० रुपयांनी झाला. ४२,३०० रुपये झाले. हमाली, तोलाई वजा करायची, उरलेले द्यायचे. इथपर्यंत एक तक्ता आणि दोन सूत्रे पुरतात. पण याच शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी ६०,००० रुपयांची उचल घेतलेली असते. विद्यार्थी पट्टीच्या तक्त्यात ‘उचल’ नावाचा एक रकाना वाढवतात आणि तिथेच अडकतात. ६०,००० पट्टीत मावत नाहीत, उत्तर उणे येते. उचल ही पट्टीची नसते, खात्याची असते. ती पुढच्या मालावर, कधी पुढच्या हंगामावर जाते. शिवाय उचल बापाच्या नावावर आणि माल मुलाच्या नावाने, असेही होते. मुनीम हे सगळे डोक्यात धरून असतो. घरी किराणा न्यायचा आहे हे ओळखून तो ६०,००० मधले थोडेच कापतो आणि चार पैसे हातावर ठेवतो. हा निर्णय कोणत्याही सूत्रात बसत नाही. मुनिमाला रक्कम स्वतः भरता येईल अशी जागा सोडावी लागते.

शेतकऱ्याची ओळख हाही गुंताच. एका गावात एकाच नाव-आडनावाचे दोघे-तिघे असतात, आणि मोबाइल नंबर घरभर एकच. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या ईआर आकृतीत शेतकरी हा एक चौकोन असतो. त्याची प्रायमरी की कोणती, म्हणजे त्याला नेमके कशावरून ओळखायचे, हे दुकानात बसल्याशिवाय ठरत नाही. त्यात नावे देवनागरीत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरसंच आपणहून लॅटिन असे; २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून तो बदलला. जुन्या सेटिंगवर शेतकऱ्याच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उमटते.

वर्गात शिकवलेला क्रम सरळ असतो: गरजा, आराखडा, कोड, चाचणी, देखभाल. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली तो मांडताना, एकाच फेरीत खाली उतरणे धोक्याचे आहे, असेही बजावले होते. पाठ्यपुस्तकांनी बहुधा आकृतीच तेवढी उचलली. आडतीचा गट उणे रक्कम घेऊन पुन्हा मुनिमाकडे जातो, तेव्हा तो रॉइस यांचेच ऐकत असतो. मात्र तारखा पुढे सरकत नाहीत, म्हणून बहुतेकांना हे जमत नाही.

चौघांत कोड लिहिणारा सहसा एकच. दुसरा पीपीटी करतो, तिसरा रिपोर्ट, चौथा बाइंडिंगवाल्याच्या मागे लागतो. मुनिमाशेजारी बसून विचारपूस करणे हे खरे कठीण काम, पण रिपोर्टमध्ये ते ‘गरजांचे विश्लेषण’ या मथळ्याखाली पान-दीड पानात आटोपते. व्हायवाला बाहेरचे परीक्षक येतात. लॉगिन उघडते का, रिपोर्ट छापला जातो का, हे पाहतात. बाप-लेकाच्या खात्यांबद्दल क्वचितच विचारले जाते. विचारले तर उत्तर दुकानात बसलेल्यालाच देता येते.

प्रत्यक्ष दुकानात हे सॉफ्टवेअर क्वचितच चालू राहते. देखभाल ही क्रमातली शेवटची पायरी, आणि तोवर गटातले बरेच जण नोकरीसाठी पुण्याला गेलेले असतात.