‘आपण’, ‘मी’ आणि ‘तू’ : समदुःखी कार्यकर्त्याच्या पर्यवेक्षणाचा विचार

ज्याने स्वतः व्यसन भोगले व सोडले, अशा माणसाने दुसऱ्यास हात द्यावा, हे १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चे मूळ तत्त्व होय. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनमुक्त झालेले अनेक जण पुढे कार्यकर्ते झाले. अशा कार्यकर्त्यावर देखरेख ठेवावयाची ती नेमकी कशाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या कार्यकर्त्याचे सामर्थ्य पदवीत नसून बोलण्यात असते. म्हणून हा प्रश्न काही अंशी भाषेचाही ठरतो. मराठीतील ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. ‘आपण यातून बाहेर पडू’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी दिलासा असते; कार्यकर्त्याच्या तोंडी ती साक्ष असते.

परंतु हे ‘आपण’ दोन दिशांनी ढळते. कार्यकर्ता कधी ‘मी’कडे वळून स्वतःचीच हकीकत सांगत बसतो, कधी ‘तू’कडे वळून विचारतो, ‘मी सोडली, मग तुला का जमत नाही?’ पहिल्या प्रकारात रुग्ण श्रोता बनतो, दुसऱ्यात आरोपी.

हे ढळणे लेखी अहवालात उमटत नाही. ते ऐकावेच लागते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने मद्यपींसाठी प्रशिक्षित केलेले समुपदेशक सामान्य नागरिक होते, व्यसनमुक्त असण्याची अट त्यांना नव्हती. तथापि त्यांच्या पर्यवेक्षणाची रीत अनुकरणीय आहे. ध्वनिमुद्रित संभाषणे सर्वांनी मिळून ऐकावयाची, ठरलेल्या निकषांवर त्यांना गुण द्यावयाचे, आणि हे काम क्रमाक्रमाने तज्ज्ञांकडून समुपदेशकांनीच हाती घ्यावयाचे, अशी ती रीत होती. अर्थात ध्वनिमुद्रणास रुग्णाची संमती हवीच.

खटाव तालुक्याचे ठाणे असलेल्या वडूजसारख्या गावी आणखी एक अडचण संभवते. तेथे कार्यकर्ता व रुग्ण बाजारात, लग्नकार्यात पुन्हा भेटणारच. केंद्रात ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही, आणि चारचौघांत ओळख दाखवावी की नाही हे रुग्णाने ठरवावयाचे, हे दोन नियम आरंभीच घालून दिले पाहिजेत.

सर्वांत नाजूक प्रश्न कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घसरणीचा. पर्यवेक्षकाने त्याची विचारपूस अवश्य करावी. उपचार मात्र दुसऱ्याकडे सोपवावेत. ज्याच्या हाती नोकरी, त्याच्यापाशी मन मोकळे होत नाही. ‘पुन्हा ओढ वाटते’ एवढे म्हटल्याने पोट जाणार असेल, तर तो गप्प राहील. आणि जो स्वतःविषयी गप्प राहिला, त्याचे ‘आपण’ पोकळ झाले. ते वाक्य निर्भयपणे उच्चारता यावे, अशी व्यवस्था करणे हेच पर्यवेक्षणाचे पहिले काम होय.